शरीरात भरलेले फिलर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्तन, नितंब किंवा पोटऱ्या यांना भरीव आकार देण्यासाठी त्वचेखाली सुईने जे जेलीसारखे अथवा तेलकट द्रव्य सोडले जाते, त्यास फिलर म्हणतात. पुढे उद्भवणारी गुंतागुंत आणि ते काढता येण्याची शक्यता या दोन्ही गोष्टी मुख्यतः त्या द्रव्याच्या जातीवर ठरतात.

गैरसमज : कोणतेही फिलर इंजेक्शनने विरघळवता येते.
वस्तुस्थिती : हायलुरॉनिक आम्ल हा त्वचेत निसर्गतः असणारा पदार्थ असून, त्यापासून बनवलेले फिलर हायलुरॉनिडेज या विकराने, म्हणजे त्या पदार्थाचे रेणू तोडणाऱ्या प्रथिनाने, विरघळते. पॉलिॲक्रिलामाइड, सिलिकॉन आणि पॅराफिन यांवर मात्र या विकराचा काहीही परिणाम होत नाही.

गैरसमज : जेलमध्ये बहुतांश पाणीच असल्याने ते निरुपद्रवी असते.
वस्तुस्थिती : पॉलिॲक्रिलामाइड जेलमध्ये पाण्याचे प्रमाण खरोखरच फार मोठे असते, परंतु ते पाणी धरून ठेवणारे कृत्रिम बहुलकाचे जाळे शरीरात विघटित होत नाही. चीनमध्ये हे जेल १९९७ पासून वापरात आले आणि वेदना, गाठी, संसर्ग व विद्रूपता यांच्या असंख्य तक्रारींनंतर २००६ मध्ये तेथील औषध नियंत्रकांनी त्यावर बंदी घातली.

गैरसमज : इम्प्लांटमध्ये चालणारे सिलिकॉन थेट टोचले तरी चालते.
वस्तुस्थिती : इम्प्लांटमधील सिलिकॉन आवरणात बंदिस्त असते, तर टोचलेले द्रवरूप सिलिकॉन ऊतींमध्ये मोकळे पसरते आणि रक्तवाहिनीत शिरल्यास फुप्फुसांत किंवा मेंदूत अडकून प्राणावर बेतू शकते. शरीराला आकार देण्यासाठी अशी इंजेक्शने घेऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला.

गैरसमज : काही वर्षे त्रास झाला नाही, म्हणजे धोका टळला.
वस्तुस्थिती : न विरघळणाऱ्या द्रव्याभोवती दीर्घकालीन दाह होऊन ग्रॅन्युलोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या टणक गाठी, अनेक वर्षांनीही तयार होतात, स्तनातील जेल काखेत किंवा पोटाच्या भिंतीत सरकू शकते आणि त्याच्या साठ्यात जिवाणूंचा संसर्ग झाल्यास पू होतो. शिवाय अशा गाठींमुळे मॅमोग्राफीत कर्करोगाची गाठ ओळखणे कठीण होते.

गैरसमज : शस्त्रक्रिया केली की सर्व द्रव्य निघून जाते.
वस्तुस्थिती : जेल एका पोकळीत साठलेले असेल, तर लहान चिरा देऊन ते बाहेर काढता येते आणि सलाइनने पोकळी धुता येते, परंतु ते ग्रंथी, चरबी व स्नायू यांच्या तंतूंमध्ये झिरपले असेल, तर बाधित ऊतीही कापून काढाव्या लागतात आणि तरीही काही अंश मागे राहतो. त्यामुळे आधी एमआरआय व सोनोग्राफीने द्रव्याचा विस्तार निश्चित केला जातो, कधी एकाहून अधिक शस्त्रक्रिया कराव्या लागतात आणि व्रण, खोलगटपणा किंवा स्तनाची पुनर्रचना यांची तयारी ठेवावी लागते.

म्हणून फिलर घेण्यापूर्वी द्रव्याचे नाव, उत्पादक आणि बॅच क्रमांक लेखी घेऊन जपून ठेवावा व न विरघळणारे द्रव्य ठामपणे नाकारावे. पूर्वी फिलर घेतलेल्यांनी गाठ, लाली, ताप किंवा वेदना जाणवताच ती जागा दाबू वा चोळू नये आणि विनासंकोच प्लास्टिक सर्जनकडे जावे. इंजेक्शननंतर धाप लागणे, छातीत दुखणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही घडल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.