मुलाची साक्ष, मोठ्यांचे प्रश्न

लहान मूल साक्षीला उभं राहिलं की पहिली शंका येते, ‘कुणी पढवलं तर नाही ना?’ शंका रास्त आहे, पण तेवढ्यावर साक्ष फेटाळता येत नाही. आपल्या कायद्यात साक्षीदाराला वयाची अट नाही; प्रश्न समजून सुसंगत उत्तर देता आलं की पुरे. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सांगितलं, की साक्ष विश्वासार्ह असेल तर केवळ मुलाच्या शब्दावरही शिक्षा होऊ शकते.

खरी मेख प्रश्नात असते. ‘काय झालं ते सांग’ म्हटलं की मूल थोडंच सांगतं, पण ते बहुधा त्याचं स्वतःचं असतं. ‘काकांनी इथे हात लावला ना?’ असं चारचारदा विचारलं, की मोठ्यांना हवं तेच उत्तर येऊ लागतं. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीत मुलांच्या लैंगिक छळाचे आरोप झाले, त्या प्रकरणात मुलांना असंच विचारलं गेलं. १९८३ मध्ये सुरू झालेलं ते प्रकरण १९९० मध्ये एकाही दोषसिद्धीविना संपलं. मुलांचं खरं म्हणणं त्या प्रश्नांखाली कायमचं गाडलं गेलं, याची मला फार हळहळ वाटते.

तारीख चुकणं, उशिरा बोलणं, आधी नाकारणं म्हणजे खोटेपणा नव्हे. विचारायची पद्धत मात्र कायद्यानेही सांभाळली आहे: मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत, उलटतपासणीतही नाही. प्रश्न न्यायाधीशांमार्फतच विचारले जातात.