वासोटा: गाडी जात नाही तेच बरं

वासोटा किल्ल्यावर जायचं तर बामणोलीहून लाँचने कोयना धरणाचा शिवसागर जलाशय ओलांडायचा, वनखात्याकडे नोंद करायची आणि अंधाराआधी परतायचं. गडावर मुक्काम बंद. कोयना अभयारण्य २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण यादी वाचून काय कळणार? धरणामुळे गावं उठली आणि मागे रान दाटलं, हे त्या रानातून घाम गाळत चढतानाच उमगतं.

माणसं गेलीच नाहीत तर रान सुखी, असा आक्षेप असतो. काही अंशी खराच. पण बाटल्यांचा खच पडतो तो बहुतेकदा डांबरी रस्ता दारापर्यंत नेलेल्या ठिकाणी. इथे आडवाटच हौशागवशांना गाळते. शिवाय लाँचच्या भाड्यावर खोऱ्यातली घरं चालतात, म्हणजे रान टिकण्यात त्यांचाही स्वार्थ. मला तो कोणत्याही फलकापेक्षा भरवशाचा वाटतो.