तिसरी खुर्ची

माझे वडील एस.टी.त ड्रायव्हर होते. त्यांच्या गाडीतून मी लहानपणी पुष्कळ हिंडलो; पण मनात राहिला आहे तो त्यांनी न चालवलेल्या गाडीतला एक प्रवास. रत्नागिरीहून कोल्हापूरला येणारी रात्रीची गाडी होती, ड्रायव्हर दुसऱ्या डेपोचे. वडील सुट्टीवर, साध्या कपड्यांत. एकदम केबिनमध्ये न चढता ते खालीच थांबले आणि म्हणाले, "पाव्हणं, बसू का शेजारी?"

"इचारताय काय? बसा की. जेवलासा न्हवं?"

मग बदल्या, डेपो, पोरांच्या शाळा अशा गप्पा साखरप्यापर्यंत चालल्या. आंबा घाटाची चढण लागली आणि वडील एकदम गप्प झाले. ते रागावले असावेत असेच मला वाटले. एका वळणापुढे दिवे नसलेला, बंद पडलेला ट्रक उभा होता. वडील एवढेच म्हणाले, "म्होरं ट्रक हाय, डावीला." ना आवाज चढला, ना हात पुढे गेला. ड्रायव्हरने गाडी आवरली, मान हलवली आणि घाट संपल्यावर गप्पा पुन्हा सुरू झाल्या.

पुढे विमानांविषयी वाचण्याचा नाद लागला, तेव्हा हाच प्रसंग पुन्हा भेटला. कोल्हापूरकरांना विमान नवे नाही. उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये झाला. पण विमानाच्या कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांच्या मागे एक तिसरी, बहुधा घडीची, खुर्ची असते हे किती जणांना ठाऊक असेल? तिला 'जंप सीट' म्हणतात. नाव विमानापेक्षा जुने आहे. घोडागाडीतल्या जादा घडीच्या बैठकीलाही तेच नाव होते. तपासणी करणारा अधिकारी किंवा शिकाऊ वैमानिक तिच्यावर बसतो. अमेरिकेत तिचा आणखी एक उपयोग आहे. घर एका शहरात आणि नोकरीचे ठिकाण दुसऱ्या शहरात असलेले वैमानिक तेथे हजारोंनी आहेत. कंपन्यांचे आपसांत करार असल्याने एका कंपनीचा वैमानिक दुसऱ्या कंपनीच्या विमानातून, भाडे न देता, या खुर्चीवर बसून जाऊ शकतो.

करार कंपन्यांचे असले तरी शेवटचा शब्द त्या विमानाच्या कॅप्टनचा. म्हणून पाहुण्याने आधी कॅप्टनसमोर जाऊन नाव सांगायचे, ओळखपत्र दाखवायचे आणि परवानगी मागायची. स्वतः वीस वर्षांचा कॅप्टन असला तरीही! कपडे नीटनेटके हवेत, मद्याचा थेंबही घेतलेला नसावा. उतरताना आभार मानल्याशिवाय जायचे नाही. दहा हजार फुटांच्या खाली विमान असताना कामाखेरीज एक शब्दही बोलायचा नाही. हा शेवटचा निव्वळ शिष्टाचार नसून १९८१ पासून तेथे कायदाच आहे. १९७४ मध्ये शार्लट येथे उतरताना ईस्टर्न कंपनीचे विमान कोसळले. वैमानिक त्या वेळी राजकारणाच्या आणि जुन्या मोटारींच्या गप्पांत होते. असल्या अपघातांतून हा नियम आला.

परंतु गप्प बसायचे म्हणजे दगड होऊन बसायचे नाही. धोका दिसला तर बोलणे हे पाहुण्याचे कर्तव्यच. २८ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री बालीहून जाकार्ताला निघालेल्या लायन एअरच्या बोइंग ७३७ मॅक्स विमानाचे नाक आपोआप खाली दाबले जाऊ लागले. कॉकपिटमध्ये कामावर नसलेला एक तिसरा वैमानिक बसला होता. दोघांचे हात आणि डोळे विमान सावरण्यात गुंतलेले असताना त्या तिसऱ्याची मदत झाली, शेपटीकडील मोटरचा वीजपुरवठा तोडला गेला आणि विमान सुखरूप पोहोचले. दुसऱ्या दिवशी तेच विमान समुद्रात कोसळले व १८९ माणसे गेली. तेव्हा कॉकपिटमध्ये दोघेच होते. तिसरा असता तर सारे वाचले असते असे म्हणणे धाडसाचे होईल. दोष मूळ यंत्रणेत होता. तरी ही दोन उड्डाणे शेजारी ठेवून पाहिली की चैन पडत नाही.

या खुर्चीवर बसणाऱ्याच्या पाठीशी विश्वासाखेरीज काही नसते, आणि तो मोडलाही आहे. ७ एप्रिल १९९४ रोजी मेम्फिसहून निघालेल्या फेडेक्सच्या मालवाहू विमानात पाहुणा म्हणून बसलेल्या त्याच कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने तिघा सहकाऱ्यांवर हातोड्याने हल्ला केला. डोकी फुटलेल्या त्या तिघांनी विमान परत आणून उतरवले, हे आजही खरे वाटत नाही. २००१ च्या सप्टेंबरनंतर तर कॉकपिटची दारेच पक्की आणि कुलूपबंद झाली. आपल्याकडे नियम पूर्वीपासूनच आवळलेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबई-दिल्ली विमानात एका वैमानिकाने आपल्या मैत्रिणीला कॉकपिटमध्ये बसवले. त्याचा परवाना तीन महिने निलंबित झाला आणि एअर इंडियाला तीस लाखांचा दंड झाला.

त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला अमेरिकेत एव्हरेटहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या विमानात जंप सीटवरच्या एका वैमानिकाने अचानक इंजिने बंद करणाऱ्या तांबड्या मुठी ओढल्या. दोन्ही वैमानिकांनी त्याला आवरले आणि विमान पोर्टलंडला उतरवले. मित्राच्या मृत्यूने तो खचला होता, कित्येक तास झोपला नव्हता, दोन दिवसांपूर्वी नशा आणणारी अळिंबी खाल्ली होती, असे नंतर बाहेर आले.

ही हकीकत मी वडिलांना सांगितली. ते आता निवृत्त आहेत. सगळे ऐकून घेऊन बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चढताना त्याला कुणी इचारलं न्हाई व्हय, जेवलास का, झोपलास का म्हनून?"