आमचा मोगरा कसा जगला

आमच्या पडवीत तेलाच्या डब्यात एक मोगरा होता. आईने तो मुरबाडहून, तिच्या माहेराहून आणलेला. वेली मोगरा आहे, म्हणून खांबाला सुतळीने बांधला होता. गेल्या उन्हाळ्यात त्याला एकही फूल आले नाही. दिवाळीनंतर पाने पिवळी पडून गळायला लागली. बाबा म्हणाले, "गेला तो. डबा तरी कामाला येईल." आई काहीच बोलली नाही. मला वाटले त्याला तहान लागली असेल, म्हणून मी रोज तांब्याभर पाणी ओतायचे. तिथेच माझे चुकले.

संक्रांतीला मामा आला. मामाच्या शेतात मोगरा आहे. त्याच्या कळ्या पहाटे तोडून दादरच्या फूलबाजारात जातात. उमललेल्या फुलाला भाव नसतो. मामाने आधी फांदीची साल नखाने खरवडली. आत हिरवे दिसले. "अजून जित्ता हाय," तो म्हणाला. मेलेली फांदी आतून भुरी असते आणि कट्‌कन मोडते.

मग त्याने डबा आडवा करून ठोकला. माती विटेसारखी अख्खी बाहेर आली. मुळे गोल गोल फिरून शेवयांसारखी गुंतली होती आणि खालचे एकुलते भोक त्यांनीच बुजवले होते. मग पाणी जाणार कुठून? त्यात माती भाताच्या खाचरातली, चिकट. भाताला साचलेले पाणी चालते, मोगऱ्याला नाय चालत. मुळांनाही हवा लागते. पाणी भरून राहिले की हवा मिळत नाही, मुळे कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. म्हणून झाड पाण्यात असून सुकते. हे मला पटेना. पण काळ्या मुळांचा वास घेतला तेव्हा पटले. शी!

काळी मुळे कापली, पांढरी ठेवली. एका जुन्या बादलीला चार भोके पाडून त्यांवर कौलाचे तुकडे ठेवले. दोन वाटे माती, एक वाटा रेती आणि एक वाटा जुने शेणखत घातले. ताजे शेण घालू नये, त्याने मुळे भाजतात. शेवटी मामाने सगळ्या फांद्या अर्ध्यावर छाटल्या. आई आत निघून गेली. पण मोगऱ्याला कळ्या नव्या फुटव्यावर येतात, म्हणून शेतातला मोगरासुद्धा थंडीत छाटतात. आठ दिवस सावलीत ठेवून मग बादली अंगणात नेली. पडवीत त्याला ऊनच मिळत नव्हते. त्याला निदान अर्धा दिवस ऊन पाहिजे.

आता मी आधी दोन पेरे बोट मातीत घालते. कोरडे लागले तरच पाणी घालते, आणि ते खालून गळेपर्यंत घालते. तानसा आणि भातसा ही धरणे आमच्या शहापूर तालुक्यात आहेत. त्यांचे पाणी मुंबईला जाते. आमच्या पाड्यावर मात्र एप्रिलपासून टँकरची वाट बघावी लागते. म्हणून मोगऱ्याला तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी देतो. साबणाचे देत नाही.

महिनाभराने लालसर कोंब आले. मार्चच्या शेवटी तीन कळ्या आल्या. काल मोजल्या तर १७ होत्या. आई त्यांचा गजरा करते, पण बाबांच्या टोपीजवळ दोन फुले ठेवते, मुद्दाम!

छाटलेल्या अकरा काड्या मी मातीत खोचल्या होत्या. दोनच जगल्या. मामा म्हणतो, पावसाळ्यात लावल्या असत्या तर जास्त जगल्या असत्या. त्यातली एक शाळेच्या नळाजवळ लावली आहे. पाणी पिऊन झाल्यावर उरलेले तिच्यावर ओतू नका. ती आधीच रोज भिजते.

— इयत्ता चौथी