करारावर सही झाली, पुढे काय?

1972 च्या दुष्काळात आमच्या भडगाव तालुक्यातली वाड्यावस्त्यांवरची माणसे खडी फोडायला जात होती. त्यांतल्या 11 जणांनी सांगितलेल्या हकिगती मी 214 पानांत उतरवून काढल्या. 2023 मध्ये एका प्रकाशकाने ते हस्तलिखित स्वीकारले. करारनामा झाला, सह्या झाल्या, वस्तीत पेढे वाटले. त्यानंतर त्या गृहस्थांचा आवाज मी तीनदाच ऐकला. पुढे फोन वाजत राहिला, पत्रांना उत्तर नाही. आणि इकडे गिरणेच्या पुलावर कोणी म्हातारा भेटला की विचारणार, "मास्तर, पुस्तक उनं का?" सही केली तेव्हा 11 पैकी 7 जण हयात होते. आज 4 आहेत.

प्रकाशकाचे नाव मी इथे देत नाही. माझा प्रश्न त्या एका माणसाचा नाही. आपले कितीतरी लिहिणारे याच फेऱ्यात अडकले आहेत आणि गप्प आहेत. का गप्प? कारण प्रकाशक बहुधा आपल्याच चळवळीतला असतो. पत्राच्या शेवटी 'जय भीम' लिहिणाऱ्याला तारीख विचारणे आपल्याला कृतघ्नपणाचे वाटते. पुस्तक निघते आहे हाच उपकार, अशी आपली समजूत. मी स्वतः 14 महिने या संकोचात घालवले.

आपलाच माणूस आहे म्हणून छापले जाईल, हा भरवसा महात्मा फुल्यांनाही लाभला नव्हता. 1883 मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'चा आरंभीचा भाग 'दीनबंधु'त आला आणि पुढचा थांबला. संपादक होते नारायण मेघाजी लोखंडे, म्हणजे सत्यशोधकच. तो ग्रंथ पूर्ण छापलेला जोतीरावांना हयातीत पाहायला मिळाला नाही.

शेवटी मी करारनामा घेऊन एका वकिलांकडे गेलो. त्यांनी सांगितले ते माझ्या भाषेत मांडतो. पुस्तकाचा स्वामित्वहक्क मुळात लेखकाचा. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 मध्ये, 1994 च्या दुरुस्तीनंतर, आपल्या कामाच्या तीन गोष्टी आहेत. हक्क किती काळासाठी दिला हे करारात नसेल तर तो पाच वर्षांचाच मानला जातो. कोणत्या प्रदेशासाठी हे नसेल तर भारतापुरता. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्याला हक्क दिला त्याने एका वर्षाच्या आत तो वापरलाच नाही, तर वर्ष सरताच तो हक्क संपुष्टात आला असे कायदा मानतो. हक्काऐवजी नुसती छापण्याची परवानगी दिली असेल तरीही कलम 30क मुळे हेच नियम लागू पडतात.

पण यात एक खोच आहे. हे सारे 'करारात वेगळे काही लिहिले नसेल तर'. म्हणून कराराचे शेवटचे पान आधी वाचावे. 'प्रकाशनाचा काळ प्रकाशकाच्या सोयीने' असे एखादे वाक्य तिथे बसलेले असते आणि आपण आनंदाच्या भरात त्याखाली सही करतो. असे वाक्य असेल तर प्रकरण वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. माझ्या करारात ते नव्हते. किंबहुना मुदतीबद्दल काहीच नव्हते. मुदत ठरलेली नसेल तर काम वाजवी वेळेत झाले पाहिजे, असे 1872 चा करार कायदा म्हणतो. करारभंगाची भरपाई मागायची तर दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. दर दिवाळीला नव्या आशेने वाट पाहणाऱ्याची ही तीन वर्षे केव्हा जातात ते कळतही नाही.

वकिलाची फी कुठून आणायची, असा प्रश्न येईल. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कोणत्याही स्त्रीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. तिथे उत्पन्नाची अट नाही. तालुका न्यायालयात विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा. शिकलेल्या कार्यकर्त्यांनाही हे ठाऊक नसते. मलाही नव्हते.

वर्ष उलटल्यावर हक्क आपोआप परत येतो हे खरे, तरी पत्र लिहावेच. कागदाशिवाय दुसरा प्रकाशक हात लावत नाही. पत्रात रागलोभ नको. कराराची तारीख, हस्तलिखित दिल्याची तारीख, किती वेळा विचारणा केली त्या तारखा, 30 दिवसांची मुदत, आणि त्यानंतर हक्क संपल्याचे व हस्तलिखित परत मागितल्याचे स्पष्ट वाक्य, एवढे पुरे. पूर्वी आपण रजिस्टर करत असू; 2025 मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन झाले, पण पोच घेता येते. पत्राची नक्कल ठेवावी.

नक्कल ठेवण्याचे मोल बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने 1936 च्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांना दिले, भाषण पाहून मंडळ बिचकले, बदल मागू लागले. बाबासाहेबांनी ठाम नकार दिला आणि परिषदच बारगळली. ते भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. इंग्रजीतल्या 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या. त्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्यांनी मंडळाशी झालेला पत्रव्यवहार तारखांसह छापला. कोण कुठे कचरले याबद्दल आज वाद उरलेला नाही, तो त्या पत्रांमुळे.

माझ्या पत्राची पोच नवव्या दिवशी आली. उत्तर आले नाही, हस्तलिखितही नाही. 30 दिवस संपल्यावर मी पोचपावती करारनाम्याला टाचली. सुदैवाने कच्च्या वह्या घरी होत्या. भाची त्यांवरून संगणकावर मजकूर उतरवते आहे. कालपर्यंत 61 पाने झाली. दर रविवारी ती पाने घेऊन मी त्या चौघांकडे जातो आणि वाचून दाखवतो. एका आजीने तिच्या हकिगतीतली मजुरीची रक्कम दुरुस्त करायला लावली.