रुग्णशिक्षण : उपचाराचा चौथा पाद

छत्रपती राजाराम महाराजांच्या नावाने वसलेली राजारामपुरी ही कोल्हापूर शहरातील एक गजबजलेली पेठ. तिच्या गल्ल्या नावांपेक्षा क्रमांकांनीच अधिक ओळखल्या जातात. या गल्ल्यांतून दवाखाने, रुग्णालये, रक्त-लघवी तपासणीच्या प्रयोगशाळा आणि औषधांची दुकाने दाटीने उभी आहेत. राधानगरी, गगनबावडा, चंदगड अशा दूरच्या तालुक्यांतून, एवढेच नव्हे तर सीमेपलीकडच्या निपाणी भागातूनही रुग्ण कोल्हापुरास येतात. काही दिवसांनी ते बरे होऊन, निदान बरे होण्याच्या मार्गावर लागून, घरी परततात. हाती औषधांची पिशवी असते आणि एक कागद असतो. त्या कागदावर औषधाच्या नावापुढे '१-०-१' असे आकडे लिहिलेले असतात.

या क्षणापासून पुढील उपचार रुग्णाच्या आणि त्याच्या घरच्या माणसांच्या हाती जातात. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक असा त्या आकड्यांचा अर्थ त्यांना कोणी उलगडून सांगितला आहे काय? गोळी जेवणाआधी घ्यावयाची असेल, तर पहाटे भाकरी बांधून फडावर जाणाऱ्या ऊसतोड मजुराने ती केव्हा घ्यावी? मधुमेही रुग्णास 'साखर बंद' असे सांगितले, म्हणून त्याने चहात गूळ घातला, तर चूक कोणाची? गुळाच्या या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ विनोदाचा नाही. शस्त्रक्रिया उत्तम झाली, औषध अचूक दिले, तरी न समजलेल्या सूचनेपायी रुग्ण पुन्हा खाटेवर येऊ शकतो. रुग्णाला त्याचा आजार, त्यावरील उपचार आणि घरी घ्यावयाची काळजी समजावून देणे, यालाच रुग्णशिक्षण असे म्हणतात.

प्राचीन विचार

ही कल्पना सर्वस्वी नवी नाही. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रुग्ण. प्रत्येक पादाचे चार-चार गुण तेथे सांगितले असून, रुग्णाच्या गुणांत स्मरणशक्ती, निर्भयता आणि सांगितलेल्या सूचनांप्रमाणे वागणे यांच्याबरोबर 'ज्ञापकत्व' हाही एक गुण मानला आहे. ज्ञापकत्व म्हणजे आपल्याला काय होते आहे ते नीट सांगता येणे. रुग्णाने ऐकावे हे जितके महत्त्वाचे, तितकेच त्याने बोलावे हेही महत्त्वाचे मानले गेले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पुढील काळात मात्र रुग्णाने निमूटपणे ऐकावे एवढीच अपेक्षा दीर्घकाळ प्रबळ राहिली.

कोल्हापूरचा वारसा

आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून ओळखले जाणारे कोल्हापूरचे रुग्णालय संस्थानी काळात आल्बर्ट एडवर्ड रुग्णालय या नावाने उभे राहिले. १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीय पदवी संपादन केलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांची या रुग्णालयाच्या स्त्री-विभागासाठी नेमणूक झाली होती. परंतु सूत्रे हाती घेण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्यांचे पुण्यात निधन झाले. पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी याच रुग्णालयात स्त्री-रुग्णांची सेवा केली.

या नेमणुकांमागे एक व्यावहारिक सत्य होते. त्या काळच्या स्त्रिया आपले दुखणे पुरुष डॉक्टरला सांगत नसत. जे सांगितलेच जात नाही, त्यावर उपचारही होत नाहीत आणि त्याविषयी काही शिकविताही येत नाही. रुग्णाशी त्याच्या भाषेत, त्याचा संकोच ओळखून बोलणारे माणूस रुग्णालयात असणे ही रुग्णशिक्षणाची पहिली पायरी होय.

प्लेगने शिकविलेला धडा

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ उद्भवली आणि १८९७ साली तिने पुण्यात थैमान घातले. पुण्यात सैनिकांकरवी घरोघर झडत्या घेण्यात आल्या आणि रुग्णांना बळाने वेगळे काढण्यात आले. रुग्ण वेगळा ठेवणे हा उपाय आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने निराधार नव्हता. तथापि तो का करावयाचा हे लोकांना पटविण्याऐवजी त्यांच्यावर लादण्यात आले. परिणामी लोक रुग्ण लपवू लागले आणि असंतोषाचा भडका उडाला. याच साथीत रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. दंडुक्याने केलेले आरोग्यकार्य आणि आपुलकीने केलेले आरोग्यकार्य यांतील अंतर त्या एका वर्षात महाराष्ट्राने पाहिले.

परिचारिका हीच शिक्षिका

आधुनिक परिचर्याशास्त्राची जनक फ्लॉरेन्स नाईटिंगेल हिने १८५९ साली परिचर्येवर जे प्रसिद्ध पुस्तक लिहिले, ते प्रामुख्याने घरी आजाऱ्याची काळजी घेणाऱ्या सामान्य स्त्रियांसाठी होते. स्वच्छ हवा, प्रकाश, शुद्ध पाणी, योग्य आहार यांचे ज्ञान घराघरांत पोचले पाहिजे, हा तिचा आग्रह होता. हिंदुस्थानातील खेड्यांच्या आरोग्याविषयीही तिला आस्था होती आणि या विषयावर पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होत असे.

महाराष्ट्रात परिचारिकांच्या शिक्षणाची पायाभरणी विविध मार्गांनी झाली. कोल्हापूरपासून जवळच असलेल्या मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेले मिशन रुग्णालय पुढे वैद्यकीय व परिचर्या प्रशिक्षणाचे केंद्र बनले. पुण्यात १९०९ साली स्थापन झालेल्या सेवासदनाने, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली, स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळवून देण्यास चालना दिली. हा व्यवसाय प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी करावयाचा नसतो, असा समज त्या काळी रूढ होता. सेवासदनाच्या कार्याने त्याला तडा गेला.

याच सुमारास परदेशांतही रुग्णशिक्षणाला शिस्तबद्ध रूप येऊ लागले होते. अमेरिकेतील मधुमेहतज्ज्ञ डॉ. इलियट जॉस्लिन यांनी १९१८ साली डॉक्टर व रुग्ण या दोघांनाही उपयोगी पडेल अशी मधुमेहाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. मधुमेह हा आयुष्यभर सोबत राहणारा आजार असल्याने रुग्णाने स्वतःच आपल्या उपचाराचे शास्त्र शिकले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. हे शिकविण्याच्या कामी त्यांनी परिचारिकांचे साहाय्य घेतले.

उपचार घरी आले

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, सादर झालेल्या भोर समितीच्या अहवालाने आरोग्यसेवेच्या उभारणीत आरोग्यशिक्षणाला स्थान दिले. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि १९५६ साली दिल्लीत केंद्रीय आरोग्यशिक्षण विभाग स्थापन झाला.

तथापि रुग्णशिक्षणाची खरी कसोटी क्षयरोगाने घेतली. पूर्वी क्षयरोग्याला मिरजेजवळील वानलेसवाडीसारख्या आरोग्यधामात महिनोन्‌महिने ठेवावे लागे. मद्रास येथे १९५६ पासून झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाले. नियमित औषधे घेतल्यास घरी राहून होणारे उपचारही आरोग्यधामातील उपचारांइतकेच गुणकारी ठरतात, असे त्यातून दिसून आले. गरीब कुटुंबांच्या दृष्टीने हा मोठा दिलासा होता. परंतु घरी राहणारा रुग्ण बरे वाटू लागताच गोळ्या थांबवितो आणि मग रोगजंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका वाढतो. ताप उतरला म्हणजे रोग गेला असे नव्हे, ही साधी गोष्ट रुग्णाला पटविणे हा आता उपचाराचाच भाग बनला.

१९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा पश्चिम बंगालमधील बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापुढे शिरेतून द्यावयाच्या सलाइनचा तुटवडा उभा राहिला. त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाण्यातील द्रावण तयार करून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले आणि ते कसे पाजावे हे त्यांना शिकविले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले. शिकविलेली आई ही एक परिचारिकाच असते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

महाराष्ट्रात डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे सुरू केलेल्या प्रकल्पाने हेच तत्त्व गावपातळीवर नेले. अनेक निरक्षर स्त्रिया येथे ग्राम आरोग्य सेविका झाल्या आणि गर्भवतीची काळजी, बालकांचा आहार, अतिसारावरील उपाय शेजारणींना समजावू लागल्या. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील 'आशा' कार्यकर्तीचे काम याच जातीचे आहे.

उपकार नव्हे, अधिकार

रुग्णाला माहिती देणे हा डॉक्टरांच्या सौजन्याचा भाग आहे, असे पूर्वी मानले जाई. १९७३ साली अमेरिकेतील रुग्णालयांच्या संघटनेने रुग्णांच्या हक्कांची सनद स्वीकारली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात, उपचारांचे स्वरूप, पर्याय व धोके यांची पुरेशी माहिती मिळाल्यानंतर दिलेली संमतीच खरी संमती होय, असे तत्त्व मांडले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत माहितीच्या हक्काला अग्रस्थान दिले. भिंतीवर सनद लावणे सोपे असते. तिचा अर्थ खाटेवरील रुग्णापर्यंत पोचविणे हे मात्र माणसाचेच काम आहे.

काय करता येईल?

रुग्णाला शिकविण्याच्या काही साध्या पद्धती अनुभवाने सिद्ध झाल्या आहेत. 'समजले का?' असे विचारले तर बहुतेक जण संकोचाने मान डोलावतात. त्याऐवजी 'घरी गेल्यावर ही गोळी केव्हा आणि कशी घेणार, ते सांगा पाहू' असे विचारावे. उत्तरातील चूक ही रुग्णाची नसून सांगण्यातील उणीव आहे असे समजावे आणि पुन्हा सांगावे. एका वेळी दोन-तीनच महत्त्वाच्या गोष्टी सांगाव्यात. वाचता न येणाऱ्यासाठी गोळीच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढला तरी काम भागते. स्वयंपाक करणारी व्यक्ती सोबत असल्याखेरीज पथ्य सांगून उपयोग नाही. कोणते लक्षण दिसताच तत्काळ परत यावे, हे घरी सोडण्यापूर्वी आवर्जून सांगितले गेले पाहिजे.

या कामात अडचणी आहेत, हे नाकारून चालणार नाही. एका परिचारिकेवर अनेक खाटांचा भार असताना प्रत्येक रुग्णापाशी दहा मिनिटे बसणे तिला शक्य होत नाही. म्हणूनच समजावून सांगण्याचा वेळ हा फावला वेळ न मानता कामाचाच वेळ म्हणून गणला गेला पाहिजे. याची जबाबदारी प्रशासनाची आहे.

रुग्णालयाबाहेरील मंडळींचाही यात वाटा आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना औषधाच्या वेष्टनावरील मुदत वाचावयास आणि जलसंजीवनी तयार करावयास शिकविले, तर घरात एक जाणता माणूस तयार होतो. पंचायत सदस्यांना ग्रामसभेत आशा कार्यकर्ती व आरोग्य सेविका यांना बोलण्यासाठी वेळ राखून ठेवता येईल. दीर्घ आजाराचा रुग्ण गावी परतला की त्याची औषधे चालू आहेत ना, याची विचारपूस गावाने करावी. मात्र त्याच्या आजाराची चर्चा चावडीवर होणार नाही, याची दक्षताही घ्यावी.

राजारामपुरीतून औषधांची पिशवी घेऊन निघालेला रुग्ण संध्याकाळच्या एस.टी.ने आपल्या गावी पोचतो. तेथे ना डॉक्टर असतो, ना परिचारिका. त्याच्याजवळ असते ती रुग्णालयात त्याला समजलेली गोष्ट. ती पक्की असेल, तर चिकित्सेचा चौथा पाद भक्कम उभा राहतो. ती कच्ची असेल, तर उरलेल्या तिन्ही पादांचे श्रम वाया जाण्याची भीती असते.