तात्यांची जीप अन् कोंबड्यांचं खुराडं

माणकाठच्या आमच्या वस्तीवर लिंबाखाली एक जीप उभी होती. उभी म्हणजे तेरा वर्षं जागची हललीच नव्हती. चाकं चार बोटं मातीत रुतलेली, बॉनेटवर लिंबोळ्यांचा थर आणि पुढच्या बंपरला बांधलेली शेळी. गेल्या उन्हाळ्यात एक भंगारवाला आला. त्यानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या, टायरला लाथ घातली आणि किलोचा भाव सांगितला. तात्या बाजेवर बसले होते. म्हणाले, "किलोवर घेतली न्हवती, किलोवर जायची न्हाई."

तात्या म्हणजे आमचे थोरले चुलते. वय ऐंशीच्या पुढं. त्यांच्या या एका वाक्यावर घरात दोन तट पडले. धाकट्याचं म्हणणं, गाडी काढायचीच तर झोकात काढू. रुंद टायर, वर लाइटची पट्टी, मागं मोठा हौदा. तात्यांचं म्हणणं, होती तशी चालू करा. पण 'होती तशी' म्हणजे नेमकी कधी होती तशी, हा खरा वाद निघाला.

गाडी महिंद्राची सीजे-३बी, १९७२ चं मॉडेल. आपल्या भागात हिला 'उंच बॉनेटची जीप' म्हणतात. बॉनेट उंच का, तर हिच्या पेट्रोल इंजिनाचे हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आहेत आणि धूर बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळं इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेट वर उचलावं लागलं. मूळ गाडी अमेरिकेतल्या विलीस कंपनीची. महिंद्रानं १९४७ पासून विलीसच्या जीपचे सुटे भाग आणून त्या इथं जोडायला सुरुवात केली. कंपनीचं पहिलं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद'. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथं पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. १९४८ मध्ये कंपनीच्या नावातला मोहम्मद जाऊन दुसरा महिंद्रा आला. अमेरिकेत सीजे-३बी १९६८ मध्ये बंद झाली. आपल्याकडं मात्र ती त्यानंतरही बरीच वर्षं निघत राहिली.

१९७२ म्हटलं की सोलापूर जिल्ह्यातल्या जुन्या माणसाला दुष्काळच आठवतो. खडी फोडायची कामं, नालाबांध, सुकडी. कामावर साहेब यायचा तो जीपमधून. लांबून धुरळा दिसला की मुकादम हजेरीचं बुक उघडायचा. आमची गाडीही सरकारीच. १९८६ मध्ये ती लिलावात निघाली आणि तात्यांनी घेतली. ज्या गाडीला बघून आपण फावडं उचलायचो तीच आपल्या दारात, याचा त्यांना भारी आनंद.

पुढं १९९० मध्ये रोजगार हमीला फळबाग योजना जोडली गेली आणि आमच्या माळावर डाळिंब आलं. डाळिंब आलं तसे क्रेट आले. जीपच्या मागच्या दोन आडव्या बाकांवर किती क्रेट बसणार? तात्यांनी गाडी गॅरेजात नेली, पुढच्या सीटच्या मागचा सगळा पत्रा कापून काढला आणि तिथं लोखंडी अँगल व पत्र्याचा हौदा बसवून घेतला. मागं फाळका, त्याला दोन साखळ्या. जीपची पिकअप झाली. आज जिल्ह्यात गल्लोगल्ली छोटी पिकअप दिसते, तेव्हा आमच्या वस्तीला तिचं अप्रूप. क्रेट नेले, कडबा नेला, खताची पोती नेली, दोन नवरदेव नेले आणि एकदा अडलेली बाई वेळेत पंढरपूरला पोचवली. तिचा मुलगा आता स्वतः ट्रॅक्टर चालवतो.

कापलेला पत्रा तात्यांनी टाकला नाही. गोठ्यामागं उपडा घातला, पुढं जाळी लावली आणि त्यात कोंबड्या कोंडायला लागले. तो अजून तिथंच होता.

आम्ही दिवाळीनंतर काम काढलं. आधी गाडी सपाट जागेवर ओढली आणि लाकडी ठोकळ्यांवर घेतली. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नये, दगडावर तर मुळीच नाही. दगड उभा तडकतो आणि तडकण्याआधी सांगत नाही. स्पार्क प्लग काढून चारी सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडलं, आठ दिवस तसंच ठेवलं. मग पुढून हँडल घालून हातानं अर्धा फेरा, मागं, परत अर्धा. तिसऱ्या दिवशी इंजिन सुटलं. घाईनं बॅटरी लावून सेल्फ मारला असता तर रिंगा तुटल्या असत्या.

पेट्रोलची टाकी हिला ड्रायव्हरच्या सीटखाली असते. आतून सगळी गंजलेली. टाकीला वेल्डिंग करायची म्हटल्यावर मिस्त्रीनं ती चार वेळा धुतली, पाण्यानं भरली आणि मगच हातात होल्डर घेतला. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण आत वाफ कोंडलेली असते. घरी काम करणाऱ्यानं ही एक गोष्ट तरी मिस्त्रीवर सोडावी. ब्रेकचे ड्रम उघडले तेव्हा धाकटा हवा मारायला निघाला होता, त्याला थांबवलं. जुन्या ब्रेकच्या लाइनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ती धूळ छातीत जाऊन बसते. ओल्या फडक्यानं पुसायची आणि फडकं फेकून द्यायचं. व्हील सिलिंडर चारी बदलले. इंजिन दहा दिवस उशिरा सुरू झालं तरी चालतं, ब्रेक उशिरा लागून चालत नाही.

आता एक गंमत. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. उसापासून इथेनॉल होतं, आणि २०२५ पासून देशभर पंपावर मिळतं ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा या मिश्रणासाठी केलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, मग गळतात. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा धरतं, म्हणून उभ्या गाडीची टाकी लवकर गंजते. आम्ही सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घेतल्या, पडदाही तसाच. तात्या म्हणाले, "म्हंजे आपलाच ऊस आपल्याच गाडीला बाधला म्हणा की."

पत्र्याच्या कामात एक जपणूक लागते. चासी घासताना ग्राइंडर नंबरावरून फिरवू नये. आरटीओत त्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलनं छाप घेतात. अक्षर पुसट झालं तर गाडी कितीही देखणी करा, ती कुणाची हे सांगता येत नाही. आम्ही नंबराची जागा नुसत्या रॉकेलच्या बोळ्यानं पुसली आणि वर ग्रीस लावून ठेवलं.

इथवर सगळं घरात एकमतानं चाललं. मग कागद काढले आणि वाद परत पेटला.

आर.सी.वर गाडी जीप आहे, हौदा कुठंच नाही. तात्यांनी हौदा बसवला तेव्हा कागदावर चढवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं ५२ वं कलम सांगतं की कंपनीनं दिलेल्या आणि आर.सी.वर लिहिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकानं करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. धाकट्याच्या रुंद टायरचा आणि मोठ्या हौद्याचा विषय तिथंच बारगळला. रंग बदलायचा तरी तो आर.सी.वर नोंदवावा लागतो.

दुसरी बाजू अशी. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात ठेवलेली, मोठी अदलाबदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्यानं नोंदायची तर २०,००० रुपये, नोंद दहा वर्षांची, पुढच्या वेळी ५,०००. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर राखता येतो. पण ती रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेणं, एवढंच. साधी खासगी गाडी म्हणूनच ठेवायची तर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. वीस वर्षांवरच्या हलक्या गाडीसाठी ती फी २०२५ मध्ये १०,००० रुपये झाली, पर्यावरण कर वेगळा.

म्हणजे कामाला ठेवली तर कागद आडवे येतात आणि कागद सरळ केले तर काम सुटतं. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं शहरातली झाकून ठेवलेली, रविवारी पुसायची मोटार असावी असं मला वाटतं. आपल्याकडं जुनी गाडी टिकली ती वापरल्यामुळं, आणि वापरायची म्हणूनच ती कापली-जोडली गेली. पन्नास वर्षं शेतात राबलेली आणि तरी अंगाला हात न लागलेली जीप जिल्ह्यात किती निघतील?

तरी हौद्याच्या विरुद्ध एक खरा मुद्दा होता आणि तो मिस्त्रीनं काढला. या जीपच्या दोन आखांतलं अंतर ८० इंच, म्हणजे जेमतेम दोन मीटर. हौदा मागच्या आखाच्या मागं दीड हात लोंबत होता. भरली की पुढची चाकं हलकी, स्टिअरिंग सैल. तात्या त्यावर वीस वर्षं गाडी हाकत आले ते हाताच्या जोरावर. "नवीन पोराच्या हातात देऊ नका," मिस्त्री म्हणाला.

तात्या दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तो हौदा म्हणजे त्यांच्या उमेदीची वर्षं. त्यावर डाळिंब गेलं, विहिरीचं कर्ज फिटलं, दोन बहिणींची लग्नं झाली. तो काढा असं त्यांना कोण सांगणार? मी तर नाहीच.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा ते गोठ्यामागं उभे होते. खुराड्याची जाळी त्यांनी सोडली होती. आतल्या पत्र्यावर, कोंबड्यांच्या विष्ठेखाली, मूळचा सरकारी करडा रंग अजून शाबूत होता. खालची कड सडली होती, पण चाकावरच्या दोन्ही कमानी धड होत्या. मिस्त्री फूटपट्टी लावून बघत होता. सांधा जुळेल म्हणाला, खालून चार बोटं नवा पत्रा घालावा लागेल. कापून परत जोडलेला टप विंटेजच्या व्याख्येत बसतो की नाही, ते तपासणारे अधिकारी ठरवतील. निदान आर.सी.वर लिहिलंय ती गाडी दारात दिसेल आणि नूतनीकरणाला तरी नेता येईल.

"हौदा मोडायचा न्हाई," तात्या म्हणाले. "बोल्ट काढून ठेवा. ट्रॅक्टरमागं दोन चाकं लावून चालवू." मग धाकट्याकडं वळून म्हणाले, "आन् कोंबड्यास्नी दुसरं काय तरी बघ. रातच्याला मुंगूस हिंडतंय."